गॅरेजात उमेदवाराचं नाव काढायचं नाही

मॅक्सीन ओबरमायरला गप्प बसवायचा एकच उपाय होता. निवडणूक घ्यायची. बाकी वर्षभर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा आणि त्यातून ना देशाचा अध्यक्ष सुटायचा, ना कोपऱ्यावरचा डोनटवाला. पण मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीचं मतदान केंद्र तिच्याच गॅरेजात भरायचं आणि केंद्रप्रमुखही तीच असायची. केंद्राच्या शंभर फुटांच्या आत कुठल्याही उमेदवाराबद्दल बरंवाईट बोलायला कायद्याने मनाई. त्या दिवशी ती केंद्र उघडल्यापासून बंद होईपर्यंत ओठ घट्ट मिटून बसायची. आमच्यातले काही जण तेवढं बघायला म्हणून मत द्यायला जायचे.

आमचं अल्डर पार्क म्हणजे बर्बँकला चिकटलेलं चिमुकलं शहर. इथे स्टुडिओचं मीठ न खाल्लेलं घर शोधून सापडायचं नाही. मी जन्मभर तिथे सुतारकाम केलं. मागून टेकू दिलेल्या भिंती आणि कुठेच न उघडणारी दारं बनवली. माझ्या शेजारची बाई केसांचे टोप विणायची, तिच्या पलीकडचा कुत्र्यांना रडायला शिकवायचा. मॅक्सीन वाचायची. एका मोठ्या स्टुडिओत तिचं टेबल होतं आणि देशभरातल्या पटकथा त्या टेबलावर येऊन पडायच्या. ती त्या वाचायची, गोष्ट काय नि दोष काय ते थोडक्यात लिहायची आणि वर तीनपैकी एक शेरा मारायची: 'घ्या', 'बघू' किंवा 'नको'. 'घ्या' किती वेळा लिहिलं असं विचारलं की म्हणायची, "एका हाताची बोटं पुरतात. त्यातल्या एका बोटाची मला अजून लाज वाटते."

निवृत्त झाली तरी शेरे थांबले नाहीत. जित्याची खोड, दुसरं काय! खानावळीतला नवा ॲपल पाय 'बघू', माझ्या मेव्हण्याचं तिसरं लग्न 'नको'. चर्चमध्ये नवा पाद्री आला तेव्हा पहिलंच प्रवचन ऐकून बाहेर पडताना तिने त्याचा हात हातात घेतला आणि प्रेमाने म्हणाली, "शेवट छान होता हो. पण तो दोनदा येऊन गेला आणि तुम्ही बोलतच राहिलात."

दर बुधवारी दुपारी ती पॅट्रिस स्टॅबलरबरोबर सिनेमाला जायची. पॅट्रिस शाळेची बस चालवायची, त्यामुळे दुपारी मोकळी. दोघी शेवटच्या रांगेत बसायच्या, आणि मी कधी सोबत गेलो की मला पडद्यापेक्षा शेजारचंच जास्त ऐकू यायचं.

"रोखलीय ना बंदूक? मग झाड ना मेल्या गोळी! नाही, आता हा त्याला स्वतःचं बालपण सांगणार."

"सांगू दे गं," पॅट्रिस म्हणायची. "तेवढ्यात मी मक्याच्या लाह्या आणते."

"बॉम्बला लाल आकड्यांचं घड्याळ कशाला? ज्याला उडवायचंय त्याला वेळ ठाऊक आहे, आणि जे उडणार त्यांना सांगायचं नाहीये. मग ते आकडे कोणासाठी? आणि हा बघ, नेमका दारासमोर गाडी लावायला जागा मिळाली! लॉस एंजेलिसमध्ये! यापेक्षा गेल्या आठवड्यातले परग्रहावरचे लोक खरे वाटले."

राजकारणातल्या भानगडींबद्दल तिचं मत याहून वाईट होतं, आणि ते ऐकायला तुम्हाला तिकीटही काढावं लागायचं नाही. "स्टुडिओने हाकललेले लेखक जातात कुठे, असं वाटतं तुम्हाला?" खानावळीच्या लांब ओट्यावर कोपर टेकवून ती विचारायची. "उमेदवारांकडे जातात. नाहीतर प्रत्येक लफडं ऑक्टोबरमध्येच कसं उघडकीला येतं? एप्रिलमध्ये काय सगळे साधुसंत असतात? मग तो माईकसमोर येतो आणि म्हणतो, 'चुका घडल्या.' घडल्या म्हणे! तू कुठे होतास तेव्हा, पोस्टात? आणि बायको! तिला बाजूला उभी करतात. फिकट निळा कोट, मोत्यांची माळ, संवाद शून्य. अख्ख्या गोष्टीत जिच्याकडे बोलण्यासारखं काही आहे अशी ती एकटी, आणि तिलाच बोलू देत नाहीत. असल्या लेखकाला मी दारात उभा केला नसता."

मी तिला म्हणायचो, की मॅक्सीन, एवढं कळतं तर तू स्वतः का नाही लिहिलंस काही? त्यावर ती माझ्याकडे दयेने बघायची. "मी वाचलं असतं ना ते," म्हणायची.

तर त्या वर्षी नगरपरिषदेच्या एका जागेची निवडणूक होती. एका बाजूला विद्यमान सदस्य डेनिस क्रॉथर. धंदा घरं विकण्याचा, दात इतके पांढरे की उन्हात बघवायचे नाहीत. दुसऱ्या बाजूला पॅट्रिसचा नवरा ग्लेन. त्याचं नळ, पाइप आणि संडासाच्या भांड्यांचं दुकान होतं आणि 'गळती थांबवा' ही त्याची घोषणा होती. मॅक्सीनने घोषणेला 'बघू' दिलं होतं. ग्लेन सरळ माणूस. कुणाचं भांडं रविवारी तुंबलं तरी दुकान उघडून सुटा भाग काढून द्यायचा. तो निवडून येईल असंच सगळे धरून चालले होते.

आणि ऑक्टोबर उजाडला. आमच्याकडे दारात फुकट टाकतात त्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर ग्लेनचा फोटो आला. मोठ्या रस्त्यावरच्या एका मोटेलच्या खोलीतून बाहेर पडताना, टोपी कपाळावर ओढलेली, संध्याकाळच्या वेळी काळा चष्मा. खाली मजकूर होता, की ग्लेन स्टॅबलर वर्षभर दर मंगळवारी हीच खोली घेतात. शेजारच्या खोलीत उतरलेल्या एका गालिचेविक्याने पातळ भिंतीपलीकडून रडणारी बाई ऐकली होती. ती 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणत होती आणि एक पुरुष तिची समजूत घालत होता. मंगळवारी ग्लेन बोलिंग खेळायला जातो अशी पॅट्रिसची समजूत होती. तिने त्याच दुपारी बॅग भरली आणि ग्लेंडेलला आपल्या बहिणीकडे, जेराल्डीनकडे निघून गेली.

ग्लेन दुकानासमोर उभा राहिला आणि पेपरवाल्यांना म्हणाला, "मी काही वावगं केलेलं नाही. योग्य वेळ आली की सांगेन."

"योग्य वेळ!" खानावळीत मॅक्सीनने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, खलनायक आणि मूर्ख, दोघांनाच योग्य वेळ लागते. पण गोष्टही भिकारच आहे बरं का. नको!"

"नको काय नको?" मी म्हणालो. "ही खरी बातमी आहे. पटकथा नाही."

"मग बाई कुठाय? टोपी आहे, चष्मा आहे, रडणं आहे, गालिचेविक्यासुद्धा आहे. बाई नाही. वर्षभर दर मंगळवारी येणारी बाई एकदा फोटोत येऊ नये? लेखकाने बाई दाखवली नाही, याचा अर्थ लेखकाकडे बाई नाही."

"अगं, ऐकलंय तिला. आग असल्याशिवाय धूर निघतो का?"

"तू सांगतोस हे? स्टुडिओतला माणूस? तुझ्या भिंतीमागे धुराचं बादलीएवढं यंत्र घेऊन बसलेला तो पठ्ठ्या काय आग लावायचा, ऑर्विल?"

मी कॉफीचा कप तोंडाला लावला. पण खरं सांगायचं तर तिच्याशी सहमत होणारं गल्लीत कुणीच नव्हतं. पुरुषांनी ग्लेनकडून नळ घेणं थांबवलं नाही, पण बायका दुकानात जाईनाशा झाल्या.

मतदानाच्या आधीच्या रविवारी मी मॅक्सीनच्या गॅरेजाच्या दाराची स्प्रिंग बदलत होतो. ग्लेन आला. हातात नळाच्या तोट्यांचं रिकामं खोकं होतं आणि खोक्यात कागदांचा गठ्ठा. आठवड्याची दाढी वाढलेली. मॅक्सीनने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि मी हात पुसत पुसत आत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही म्हणालं नाही.

"मॅक्सीन," ग्लेन म्हणाला, "मी मंगळवारी पटकथा लिहितो."

मॅक्सीन खुर्चीत बसली. "कधीपासून?" तिने विचारलं, डॉक्टर विचारतात तसं.

"दोन वर्षं होतील. आधी गाडीत लिहायचो. मग पाठ धरली."

"आणि रडणारी बाई?"

"मीच. मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय संवाद जमलाय की नाही ते कळत नाही ना." आणि त्याने तिथल्या तिथे, त्या आडव्यातिडव्या देहातून बारीक आवाज काढून, 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणून दाखवलं. मॅक्सीनचं मांजर उठून बाहेर गेलं.

मला हसू आवरेना. "अरे मग हेच जाहीर सांगून टाक की!"

"ऑर्विल, बाहेर भानगड केलेला माणूस या गावात दोनदा महापौर झालाय," तो म्हणाला. "पटकथा लिहिणारा नळवाला कधी निवडून आलाय का? चव्वेचाळीस नंबरचा पाना मागायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'कुठवर आली रे गोष्ट?' म्हणून विचारेल. निवडणूक गेली खड्ड्यात. पण जेराल्डीनने वकील गाठलाय. बुधवारी पॅट्रिस घटस्फोटाच्या अर्जावर सही करणार आहे."

"तिला सांगितलंस?"

"फोनवर सांगितलं. म्हणाली, 'या गावात बाहेर शेण खाणाऱ्या प्रत्येक नवऱ्याच्या गाडीत एक पटकथा असते. निदान थाप तरी नवी मार.' आणि ठेवला फोन." त्याने खोकं पुढे सरकवलं. "तुझं ऐकेल ती. पटकथेच्या बाबतीत तू खोटं बोलत नाहीस, हे तिला माहितीये. एवढंच सांग तिला, की ही मी लिहिलीय."

"मी वाचेन," मॅक्सीन म्हणाली. "पण तूच लिहिलीस हे मला कसं कळणार? पैसे मोजून लिहून घेणारे ढीगभर बघितलेत मी. जे दिसेल ते सांगेन. आणि वाईट असेल तर वाईट म्हणेन."

ग्लेनने मान डोलावली. पण 'वाईट' या शब्दाला त्याचे डोळे असे काही मिचकले, की घटस्फोटाचं सांगतानाही तसे मिचकले नव्हते.

सोमवारी आम्ही गॅरेज लावलं. तिची गाडी रस्त्यावर काढली, मतदानाचे आडोसे उभे केले, दाराशी झेंडा टांगला. मी फीत घेऊन शंभर फूट मोजले आणि पदपथावर खडूची रेघ मारली. ती नेमकी माझ्या टपालपेटीपाशी आली. त्या रेघेच्या अलीकडे प्रचार बंद. हे सगळं चालू असताना मॅक्सीन कोपऱ्यातल्या बंद फ्रीजरवर बसून वाचत होती. मधूनमधून नुसते आवाज यायचे. "अरे देवा." "नाही, नाही, नाही." "एकोणीस पानं? एकोणीस पानं बोलतोय हा मेला?" मग हळूहळू आवाज कमी झाले. शेवटचं पान उलटल्यावर ती उठली आणि तिने जेराल्डीनकडे फोन लावला. जेराल्डीनने तो ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा जेराल्डीन काय म्हणाली ते मला सांगता येण्यासारखं नाही, पण शब्दांची निवड उत्तम होती, असं मॅक्सीन म्हणाली.

"मग आता?" मी विचारलं.

"मत द्यायला तिला इथेच यावं लागेल," मॅक्सीन म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. कारण इथेच ती तोंड उघडू शकणार नव्हती.

त्यातून मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, क्रॉथरच्या बाजूने निरीक्षक म्हणून हॅरिएट प्लम आली होती. शाळेतली निवृत्त उपमुख्याध्यापिका. घडीची खुर्ची, थर्मास आणि विणकाम घेऊन ती मॅक्सीनच्या समोर येऊन बसली. मागच्या निवडणुकीत मॅक्सीन एका उमेदवाराच्या टायबद्दल चार शब्द बोलली होती, त्याची तक्रार हॅरिएटनेच केली होती. पुन्हा तक्रार झाली तर केंद्रप्रमुखपण जाणार आणि केंद्रही दुसऱ्याच्या गॅरेजात जाणार, असं वरून लेखी कळवलेलं होतं. ते वर्षातून एकदा येणारं गॅरेज म्हणजे मॅक्सीनचा सण होता. मी तिथे मतदारांची नावं बघायला बसलो होतो, आणि दिवसभर त्या दोघींच्यामध्ये बसून माझी मान अवघडली.

अंधारून यायच्या सुमाराला पॅट्रिस आली. डोळे सुजलेले, अंगात बस चालवतानाचं जाड जाकीट. रेघेपलीकडे, माझ्या टपालपेटीशी, ग्लेन आपला फलक घेऊन उभा होता. ती त्याच्या अंगावरून पुढे आली तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिने वहीत सही केली, मतपत्रिका घेतली, पण आडोशामागे गेली नाही. टेबलासमोरच उभी राहिली.

"मॅक्सीन, जेराल्डीन म्हणाली तू फोन करत होतीस. त्याच्यासाठी रदबदली करणार असशील तर नको करूस. फक्त एकदा सांग मला, माझा नवरा..."

"मिसेस ओबरमायर!" हॅरिएटच्या सुया थांबल्या. "उमेदवाराचा विषय निघतोय."

मॅक्सीनने ओठ मिटले. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. पॅट्रिसने थोडा वेळ वाट बघितली, मान हलवली आणि वळली.

"काल मी एक पटकथा वाचली," मॅक्सीन म्हणाली.

"मिसेस ओबरमायर..."

"हॅरिएट, मनाई उमेदवाराबद्दल बोलायला आहे. सिनेमाबद्दल बोलायला मनाई झाली तर हे गाव ओस पडेल." तिने हॅरिएटकडे बघितलंही नाही. "लेखकाचं नाव मला ठाऊक नाही. पहिलं पान गहाळ आहे."

पहिलं पान गहाळ नव्हतं. लेखकाच्या नावाचं ते पान तिने माझ्यासमोरच दुमडून स्वेटरच्या खिशात घातलं होतं.

पॅट्रिस थांबली. "कशी आहे?"

"भिकार," मॅक्सीन म्हणाली. "इतकी वाईट मी फार वर्षांत वाचली नाही. एक नळवाला असतो. राष्ट्राध्यक्षांच्या घराखालच्या पाइपात त्याला निवडणूक उलथवण्याचा कट सापडतो. पाइपात! खलनायक आपला बेत एकोणीस पानं सांगतो. बॉम्बवर लाल आकडे आहेत. पावणेदोनशे पानं आहेत, पॅट्रिस, आणि एकाही पानावर कुणाला गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही."

रांगेतलं कुणीतरी खुसकन हसलं. पॅट्रिस हसली नाही. "थाप खरी वाटावी म्हणून कुणाकडूनही लिहून घेता येतं," ती म्हणाली.

"येतं. लिहून घेतलेली मी ओळखते. ती स्वच्छ असते, आखूड असते आणि तिच्यात जीव नसतो. ही कुणीतरी घाम गाळून लिहिलीय. वर्षभर ज्याचं बाहेर काही चाललंय, त्याला पावणेदोनशे पानं लिहायला सवड कुठली मिळते?" मॅक्सीनने श्वास घेतला. "पण तिचा सगळ्यात मोठा दोष तो नाहीच. तिच्यात सहा बायका आहेत. एक हेर आहे, एक न्यायाधीश, एक खानावळीत वाढणारी, एक खुद्द अध्यक्षांची आई. आणि सहाच्या सहा जणी सारख्याच बोलतात. ती हेर बाई नायकाच्या छातीवर पिस्तूल रोखते, तो जिवाच्या आकांताने काही सांगायला जातो, आणि ती म्हणते, 'आधी बूट काढ, मग बोल.'"

आमच्या गल्लीत ते वाक्य ऐकलं नाही असं एक घर नव्हतं. ग्लेन संध्याकाळी दुकानातून आला की उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांतून ते सगळ्यांच्या ताटापर्यंत पोचायचं.

"न्यायाधीश?" पॅट्रिसने विचारलं.

"भर कोर्टात. आरोपीला."

"आणि ती... अध्यक्षांची आई?"

"मरताना. मुलगा धावत येतो आणि ती म्हणते, आधी बूट काढ." मॅक्सीन पुढे झुकली. "ज्याच्या डोक्यात दुसरी बाई असते, पॅट्रिस, त्याच्या लिहिण्यात ती कुठून ना कुठून डोकावतेच. मी जन्मभर पाहिलंय ते. प्रेक्षक थिएटरच्या अंधारात तिच्यासाठी रडत बसतात, आणि ती लेखकाची कोण ते मला तिसऱ्या पानावरच कळलेलं असतं. या लेखकाला दुसरी बाई सुचतच नाही. सहा वेळा प्रयत्न केला बिचाऱ्याने. हा लेखनातला फार मोठा दोष आहे, आणि मी तो दोष म्हणूनच लिहिलाय."

हॅरिएट तक्रार लिहायला पेन काढून बसली होती. ती पेन धरून तशीच राहिली. "ती वाढणारी," ती घसा खाकरून म्हणाली, "तीसुद्धा तेच म्हणते?"

"अंडी देता देता," मॅक्सीन म्हणाली.

पॅट्रिस आडोशामागे गेली. एका मतपत्रिकेला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तिथे होती. बाहेर आली, पेटीत मत टाकलं, छातीवर लावायचं 'मी मत दिलं'चं स्टिकर घेतलं आणि ते हातातच धरून उताराने खाली चालू लागली. मी पाय मोकळे करायला उठलो. माझे पाय नेमके तिच्या मागूनच मोकळे व्हायचे होते.

ग्लेन रेघेपलीकडे ताठ उभा राहिला. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला डेनिस क्रॉथर कामावरून परतणाऱ्या लोकांशी हात मिळवत होता. दिवसातली खरी गर्दी आता सुरू झाली होती.

पॅट्रिस रेघ ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिली. "पावणेदोनशे पानं," ती म्हणाली. "हेराला बोलायला दिलंस. न्यायाधीशाला दिलंस. मरणाऱ्या म्हातारीला दिलंस. आणि मला सांगायला एक वाक्य सुचलं नाही तुला?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू वाचायला मागितली असतीस."

"मग?"

"तू खोटं बोलत नाहीस, पॅट."

मला वाटलं आता मुस्कटात बसणार. "म्हणजे तू दुसरीकडे जातोस असं मला वाटलं तरी चालेल," ती सावकाश म्हणाली, "पण तू वाईट लिहितोस असं वाटून चालणार नाही?"

ग्लेनने थोडा विचार केला. "हो," तो म्हणाला.

ती हसली की रडली ते मला पाठीमागून कळलं नाही. खांदे मात्र हलत होते. मग तिने बाहीने नाक पुसलं आणि बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "गाडीत बस. घरी चल. मला ती पहिल्या पानापासून वाचून दाखवायची. सगळ्या बायकांचे आवाज काढून. आणि आत्ताच सांगते, मी खोटं बोलणार नाही."

मतदान संपायला अजून वेळ होता. तो तिथे उभा राहिला असता तर कदाचित निवडून आलाही असता, कारण शेवटी हरला तो थोडक्यात. पण त्याने फलक गवतावर आडवा ठेवला आणि निमूटपणे तिच्या गाडीत बसला. पॅट्रिसने गाडी सुरू केली. त्याने काच खाली घेतली आणि मला हाक मारली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऑर्विल," तो म्हणाला, "यापेक्षा त्या पेपरवाल्यांना तोंड देणं सोपं होतं रे."